थोर म्हणजे किती हात?

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी आईवडिलांच्याही आधी नानांचे नाव घेतो. आईवडिलांना त्याचे वाईट वाटत नाही. आई तर शेजारणींना सांगते, "आम्ही त्याले जनम दिना, पन बोलाले नानासनी शिकाडं."

नाना म्हणजे नंदुरबारचे माझे घरमालक. मोजणी खात्यात त्यांची नोकरी झाली. आयुष्यभर त्यांनी शेतांच्या हद्दी मोजल्या आणि पेन्शनीत निघाल्यावर एका माणसाचे चरित्र लिहायला घेतले. तो माणूस म्हणजे आमच्या तालुक्याचे पुढारी दादासाहेब. चालती वकिली सोडून ते स्वराज्याच्या कामाला लागले होते. मी गावात आलो तेव्हा त्यांना जाऊन काही वर्षे झाली होती आणि गावातल्या बड्या मंडळींनी एक स्मारक समिती काढली होती. पुस्तक छापण्याचा भार समितीने उचलला आणि लिहिण्याचा नानांवर टाकला. याचे कारण एवढेच की नानांचे अक्षर फार वळणदार होते. नकाशावर गावांची नावे लिहून लिहून ते तसे झाले होते. त्या अक्षरामागे काय बसले आहे याची समितीला कल्पना नव्हती.

मी नुकताच बी. ए. होऊन हायस्कुलात इतिहास शिकवायला लागलो होतो. ट्रंक घेऊन नानांच्या ओट्यापाशी उभा राहिलो तेव्हा त्यांनी मला वर बोलावले नाही. आधी विचारले, "स्टेशनवर उतरलात तेव्हा इंजिन तुमच्या कोणत्या हाताला होतं?"

मला आठवेना.

"बी. ए. व्हयनात," नाना आनंदाने म्हणाले, "पन कोठे उतरनात ते ठाव नही!" आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"कोठे उभा व्हतात?" हा त्यांचा सगळ्या जगाला एकच प्रश्न होता. दूध घालणाऱ्या बाईने गल्लीतल्या भांडणाची बातमी आणली की नाना विचारीत, "तू कोठे उभी व्हतीस?" पोस्टमनने कोणाच्या तरी घरच्या तारेची गोष्ट काढली की तोच प्रश्न. दादासाहेबांच्या आठवणी सांगायला मोठमोठी माणसे येत, त्यांचीही सुटका नसे. ज्याला आपण कोठे उभे होतो ते सांगता येत नसे, त्याला नाना चहा पाजत, पानसुपारी देत आणि एक अक्षरही लिहून घेत नसत.

"हद्दीचा दगड एका जागेवरून दिसला तर तो नुसता दिसला," ते मला समजावून सांगत. "तीन वेगवेगळ्या जागांवरून दिसला म्हणजे मग नकाशावर घ्यायचा. तिघं एकाच जागी उभे असतील तर साक्षीदार एक, तोंडं तीन."

त्यांच्या प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर उत्तरेचा बाण असे आणि त्याखाली जागेचा छोटा नकाशा: सभा कोठे, विहीर कोठे, पोलीस कोठे. चरित्राची सुरुवात त्यांनी जन्मापासून केली नव्हती. मी कारण विचारले तर म्हणाले, "जन्माच्या वेळी ते काहीच करत नव्हते."

एकदा त्यांनी मला एक प्रकरण साफ करून लिहायला दिले. मी कॉलेजात शिकलो होतो त्याप्रमाणे एका ठिकाणी 'थोर' हा शब्द घातला. नानांनी चष्मा कपाळावर सारला.

"थोर म्हणजे किती हात?"

मी तो शब्द पुन्हा वाचून पाहिला.

"माणूस थोर होता असं लिहिलं की वाचणारा मान डोलावतो आणि झोपतो. तो त्या दिवशी उठून कोठे गेला आणि दारात कोण उभं होतं ते लिहा. थोर आहे का नाही, ते वाचणारा मोजील."

असे म्हणत ते खोडरबर शोधायला लागले. खोडरबर नेहमी त्यांच्या टोपीत असे आणि टोपी खुंटीवर.

पण त्यांची सर्वांत विलक्षण रीत वेगळीच होती. कोणतेही प्रकरण मराठीत लिहून काढण्याआधी ते ओट्यावर बसून अहिराणीत सांगत. आठवड्याच्या बाजाराला आलेली खेड्यांतली माणसे गाड्या सुटेपर्यंत आमच्या गल्लीत सावलीला टेकत. नाना त्यांना दादासाहेबांची गोष्ट सांगत. वाऱ्यावर वाळत पसरलेल्या मिरचीच्या पथारींचा खाट, म्हणजे ठसका, येई, ऐकणारे शिंकत आणि तरी उठत नसत. कोणी मधेच "मंग?" म्हणाले की नानांचा चेहरा उजळे. त्या 'मंग'साठी ते जगत. ज्या जागी 'मंग' येत नसे तिथे काही तरी खोटे किंवा अर्धवट आहे असे ते धरून चालत आणि ते प्रकरण पुन्हा मोजायला घेत.

मला हा प्रकार लाजिरवाणा वाटे. मी तापीकाठच्या शेतकऱ्याच्या घरातला, घरी अहिराणीशिवाय दुसरी भाषा नाही. शाळेत त्या भाषेपायी पोरे मला हसली होती, म्हणून मी ती सोडून दिली होती. सुटीत घरी गेलो तरी पुस्तकी मराठीत बोलत असे. आई कौतुकाने ऐके. वडील, म्हणजे आमचे आबा, अबोल. मी बी. ए. झाल्याची तार वाचून दाखवली तेव्हा त्यांनी "बरं" म्हटले आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. मी काही वाचून दाखवायला बसलो की ते खांबाला टेकून डोळे मिटत आणि थोड्याच वेळात त्यांचे घोरणे ऐकू येई. मी समजलो, शिकलेल्या माणसाचे हे असेच व्हायचे.

आता त्या प्रकरणाविषयी.

खापर गावाच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला भिल्लांच्या एका पाड्यावर दादासाहेबांनी एकदा सभा घेतली होती. त्या भाषणाची बातमी त्या वेळच्या वर्तमानपत्रात छापून आली होती. नानांनी आपला नेहमीचा प्रश्न विसरून त्या बातमीवरून जे प्रकरण लिहिले ते सगळ्या चरित्रात उत्तम होते, असे मला आजही वाटते. पारतंत्र्याच्या बेड्या, उगवता सूर्य, टाळ्यांचा कडकडाट. नानांना ते तोंडपाठ होते. अंघोळीला बसले की तांब्यागणिक ते एकेक वाक्य म्हणत.

बाजाराच्या दिवशी नानांनी ते ओट्यावर सांगितले आणि माणसे उठून गेली. कोणी बिडी पेटवायला, कोणी बैल जुंपायला. मिरच्या विकणारी एक म्हातारी तेवढी उरली. ती म्हणाली, "नाना, ते बोलनात, टाया पडन्यात, मंग लोके घर गयात. यामा व्हयनं काय?"

नाना त्या रात्री जेवले नाहीत असे लिहायला मला आवडले असते, पण ते चांगले पोटभर जेवले. हात धुताना म्हणाले, "म्हातारी बरोबर शे."

त्यांना आधीपासून एक गोष्ट खुपत होती. त्या सभेनंतर काही दिवसांनी डोंगरातली बरीच माणसे चालत नंदुरबारला आली होती आणि दादासाहेबांच्या अंगणात बसली होती, हे सगळ्या गावाला माहीत होते. ती आली होती वेठीची तक्रार घेऊन. साहेब लोक जंगलात फिरतीवर निघाले की त्यांचे सामान फुकट डोक्यावर वाहून न्यावे लागे, ती वेठ. दादासाहेब त्या दिवसापासून मामलेदाराकडे, पुढे धुळ्याला कलेक्टराकडे खेपा घालू लागले, आणि त्या पट्ट्यातली वेठ बंद होईपर्यंत थांबले नाहीत. त्याआधीचे दादासाहेब भाषणे करीत, त्यानंतरचे दादासाहेब अर्ज करीत. नानांच्या मते त्यांच्या राजकारणाचे खरे वळण तिथे होते. पण भाषण होते स्वराज्याचे. मग लोक वेठीची तक्रार घेऊन कसे आले?

"दोन दगडांच्या मधली जमीन कोणी मोजलेलीच नाही," नाना म्हणाले. दिवाळीच्या सुटीत आम्ही बैलगाडीने निघालो. सोबत मोजणीची जुनी साखळी आणि ती वर्तमानपत्राची बातमी.

पाड्याजवळ तो खडक सापडला. नाना त्यावर चढले, बातमी हातात धरली आणि दादासाहेबांचे भाषण खड्या आवाजात म्हणू लागले. मी साखळी ओढत मागे मागे जायचे आणि ऐकू येते का ते हात वर करून सांगायचे. मोहाच्या झाडापर्यंत ऐकू आले. त्यापलीकडे नुसता नानांचा हात वर-खाली होताना दिसे. आणि लोक तर झाडाच्या कितीतरी पलीकडे, ओढ्यापर्यंत बसले होते, असे सगळे सांगत.

"पुन्हा!" नाना ओरडले आणि पुन्हा बेड्यांपासून सुरू झाले.

पाडा गोळा झाला. पोरे हसू लागली. बायांनी तोंडाला पदर लावले. एक म्हातारा पुढे येऊन खडकाला टेकला, जरा वेळ ऐकत राहिला आणि मला म्हणाला, "तो बी असाच वरडत व्हता."

"कोण?"

"धवळा फेटावाला."

नाना खडकावरून घसरतच खाली आले. "आनि तू? तू कोठे उभा व्हता?"

"त्यान्हाजोडे. त्यानी वात आम्हना लोकेसले मीच सांगत व्हतू."

दादासाहेबांना भिल्ली येत नव्हती. त्यांच्या शेजारी उभा राहून त्यांचे बोलणे लोकांना त्यांच्या भाषेत सांगायला हा माणूस धरून आणला होता. कारण खापरच्या बाजारात जाऊन येऊन तो थोडी अहिराणी बोले. अहिराणी. दादासाहेब बोलत होते ते छापील मराठी.

"मंग काय सांगं तू?" नानांनी विचारले.

म्हाताऱ्याला अजिबात संकोच वाटला नाही. तो म्हणाला, फेटेवाला 'सूर्य' म्हणाला, 'आई' असेही काही म्हणाला, बाकी मला कळले नाही. मागची माणसे ओरडून विचारू लागली, काय म्हणतो, काय म्हणतो. "मंग मी सांगं, हाऊ म्हनस, आते वेठ बंद. डोकावर वझं वाहानं नही. हाऊ मामलेदारले सांगनार शे. लोके खूश व्हयनात."

"पन तुले आसं सांगाले कोनी सांगेल व्हतं?"

"कोनी नही. येवढा लांब उना मानूस. काही तरी कामनंच बोलत असीन ना?"

नाना मटकन खाली बसले. मला वाटले त्यांना भोवळ आली. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, म्हाताऱ्याच्या पाठीवर थापा मारून हसले, मग म्हातारा हसू लागला, मग सगळा पाडा. आपले उत्तम प्रकरण गेले याचे दुःख त्यांच्या चेहऱ्यावर कोठेच नव्हते. तरी त्यांनी एका साक्षीवर भागवले नाही. त्या सभेत ओढ्यापाशी बसलेली एक बाई आणि सभेला माणसे घेऊन आलेला एक गाडीवान शोधून काढला. दोघांनाही वेठ आठवत होती. स्वराज्य कोणालाच आठवत नव्हते.

परत येताना नाना गाडीत जुन्या प्रकरणाच्या कागदांच्या पाठीवर नवे प्रकरण लिहीत होते. बोलत नव्हते, कारण त्यांचा घसा पूर्ण बसला होता.

समितीचे अध्यक्ष म्हणजे गावातले एक वृद्ध वकील. वर्तमानपत्रातली ती बातमी त्यांनीच तरुणपणी पाठवली होती. नवे प्रकरण वाचून त्यांनी बैठक बोलावली. नाना माझ्या कानात कुजबुजत आणि मी ते मोठ्याने सांगे, असा प्रकार चालला.

"दादासाहेबांचं मोठेपण एका भिल्लाच्या थापेवर उभं करता?" वकीलसाहेब म्हणाले. "लोक हसतील."

नाना कुजबुजले. मी सांगितले, "हसू द्या म्हणतात. हसणारा माणूस पान उलटतो."

"टाळ्यांचा कडकडाट मी स्वतः ऐकलाय!"

नाना माझ्या कानात म्हणाले, "त्याले इचार, गाडीमा झोपेल व्हता का?"

मी म्हणालो, "नाना विचारतात, आपण त्या वेळी कोणत्या बाजूला होता?"

वकीलसाहेबांनी उपरणे सारखे केले. "मी गाडीपाशी होतो. बैलांकडे कोणी तरी बघायला हवं होतं."

गाडी ओढ्यापलीकडे होती, हे नानांच्या नकाशात दाखवलेलेच होते. वकीलसाहेब तांबडे झाले. शेवटी त्यांनी निकाल दिला. हे प्रकरण काढून जुने घाला, नाही तर सगळे हस्तलिखित पुण्याच्या एखाद्या लेखकाकडे जाईल. तो ते नीट करील आणि त्यावर नाव त्याचे येईल.

नानांच्या पेन्शनीची सगळी वर्षे त्या कागदांत होती. मी त्यांच्याकडे पाहिले. ते शांतपणे माझ्या कानाशी आले.

"नाना म्हणतात, माईंना ऐकवू. त्या नाही म्हणाल्या तर मी स्वतः फाडीन."

माई म्हणजे दादासाहेबांच्या पत्नी. त्या गावातच राहत होत्या आणि समितीने त्यांना हारतुऱ्यांपलीकडे कधी काही विचारले नव्हते. त्यांना नाही म्हणायची वकीलसाहेबांची छाती झाली नाही.

बाजाराच्या दिवशी माई आमच्या ओट्यावर आल्या आणि दाराच्या आत, उंबऱ्यापाशी बसल्या. वकीलसाहेबांना खुर्ची दिली. गल्ली भरली होती आणि पुढच्या रांगेत माझ्या वर्गातली पोरे होती. नानांनी तोंड उघडले, आवाज फुटला नाही. त्यांनी घशाकडे बोट केले, मग माझ्याकडे, आणि मला पाठीत ढकलून पुढे केले.

मी मराठीत सुरुवात केली. "सदर प्रसंगी दादासाहेबांनी—"

"मास्तर, साधं बोला ना भो!" मागून कोणी तरी ओरडले. पोरे खिदळली.

मी नानांकडे पाहिले. ते ओठांवर नुसता हसरा भाव ठेवून माझ्याकडे बघत होते. मी श्वास घेतला आणि आईच्या भाषेत सुरू झालो. पहिली दोन-चार वाक्ये अडखळलो. मग खडक आला, मोहाचे झाड आले, ओढा आला, आणि म्हाताऱ्याचे "आते वेठ बंद" माझ्या तोंडून निघाले तेव्हा गल्लीत असा हशा उसळला की खुंटाला बांधलेले बैल बुजले. "मंग?" एकाने विचारले. "मंग?" दुसऱ्याने. माझ्या वर्गातला सर्वांत ढ मुलगा गुडघ्यांवर उठून म्हणाला, "मंग काय व्हयनं, सर?" इतिहासाच्या तासाला त्याने मला कधी काही विचारले नव्हते.

मी सांगत गेलो. लोक दादासाहेबांच्या अंगणात आले, म्हणाले, तुम्ही शब्द दिला आहे. इथे मी थांबलो, कारण पुढे आमच्या हातात काही नव्हते. दादासाहेब नाही म्हणू शकले असते. मी असे बोललोच नाही, असे सांगितले असते तर ते खरेच झाले असते. त्यांनी तसे का सांगितले नाही, ते आम्हाला माहीत नव्हते.

"मंग?" गल्लीने विचारले.

"ते मी सांगस," उंबऱ्याआडून माईंचा आवाज आला. "लोके अंगनमा बठेल व्हतात. हे घरमा उनात. माले म्हनेत, मी तठे काय बोलनू ते माले ठाव नही. पन त्यासनी जे आयकं, ते आते माले करनंच पडीन."

गल्लीत कोणी शिंकलेही नाही. नाना मात्र माझी बाही ओढत होते. "इचार!" ते कुजबुजले. "कोठे उभ्या व्हत्यात, इचार!"

मी भीतभीत विचारले.

"चुल्हाजोडे," माई म्हणाल्या. "आखो कोठे उभी राहसू?"

नाना पुन्हा कानाशी. "चुल्ह्यावर काय व्हतं?"

"कळनानी भाकर. जळी गयी ती. तुम्हना दादासाहेबना पायी!" आणि माई अशा हसल्या की पदर सावरायचे विसरल्या.

वकीलसाहेब खुर्चीत हलले. त्यांचे डोळे ओले होते, मिरचीचा खाट होताच. "छापा," ते म्हणाले. "फक्त मी बैल सांभाळत होतो, एवढं त्यात येऊ द्या." नानांनी ते आणले. त्या प्रकरणात एक वाक्य आहे: बैल शेवटपर्यंत सुखरूप होते. माईंचे बोलणे त्यांनी जसेच्या तसे अहिराणीत ठेवले.

पुस्तक बांधून तयार झाले तोवर माझी नोकरी दुसऱ्या गावी लागली होती. नानांनी माझी प्रत माझ्या खेड्यावर पाठवली, सोबत चिठ्ठी: चुका कळवा. मी सुटीत घरी गेलो तेव्हा ती हातात पडली. मी त्यांना जे पत्र लिहिले ते आज माझ्याचपाशी आहे, कारण नानांनी ते वर तांबड्या पेन्सिलीने उत्तरेचा बाण काढून मला परत पाठवले. बाण बरोबर आहे. पत्र असे:

तीर्थस्वरूप नानांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी कोठे होतो ते आधी लिहितो. आमच्या घराच्या ओट्यावर, तापीकडे तोंड करून. उभा नव्हतो, बसलो होतो. दुपारची वेळ, उजेड भरपूर. आई डाव्या हाताला दाणे पाखडत होती. आबा उजव्या हाताला, खांबाला टेकून, डोळे मिटून. शेजारचे काका पायरीवर होते. ते तिसरे साक्षीदार धरावेत.

मी वेठीचे प्रकरण आपल्या बोलीत सांगितले. काका म्हाताऱ्याच्या जागी फार हसले. आईने एक चूक काढली आहे. कळण्याची भाकर जळाली की वास आधी अंगणात जातो, चुलीपाशी उभी असते तिला उशिरा कळते. तेव्हा भाकर जळते आहे हे अंगणात बसलेल्या लोकांना माईंच्या आधी कळले असणार, असे तिचे म्हणणे आहे. दुसऱ्या आवृत्तीत विचार व्हावा.

आबा झोपले असावेत असे मला वाटत होते. माईंचे वाक्य सांगून मी पुस्तक मिटले, कारण प्रकरण तिथे संपते. आबांनी डोळे उघडले नाहीत. पण म्हणाले, "मंग?"

नाना, मी पुस्तक पुन्हा उघडले आहे. पत्र इथेच थांबवतो. आबा वाट पाहत आहेत.